चढाला दुसरा हात

बाळू सपकाळनं ज्योत माझ्या हातात दिली आणि तो रस्त्याच्या कडेलाच फतकल मारून बसला.

"ओढ्याला पाणी हुतं, येसूभाऊ," तो धापा टाकत म्हणाला. "कमरंएवढं. उतरंस्तवर थांबावं लागलं."

"किती वाजलं?"

"पावणेधा."

साडेदहाच्या आत देवळात घट बसायला हवा होता. म्हणजे हातात पाऊण तास. चांगल्या साली मला हा घाट चढायला तीस मिनिटं लागत, पण ते साल चांगलं नव्हतं. मशालीचा दांडा घ्यायला नुसता जरासा वाकलो, तर कमरेत, माकडहाडाच्या वर चार बोटं, कुणी पाना लावून नट आवळावा तशी कळ आली. मी हसून दाखवलं. पोरांनी देवीच्या नावानं उदो केला आणि मी अनवाणी चढाला लागलो.

आमचं गाव आडमाळ, पठारावर. दर घटस्थापनेला गडावरच्या देवीपासून ज्योत पळवत आणायची, तिच्यावर आमच्या उंबरजाईचा नंदादीप लावायचा आणि मग घट बसवायचा, ही जुनी रीत. सपाटीला ज्योत कुणीही पळवावी, दर मैलाला हात बदलावा. पण शेवटचा साडेतीन किलोमीटरांचा, सात वळणांचा चढ एकट्यानं चढायचा. तो मान उतेकरांचा, म्हणजे आमच्या घराचा. चढावर ज्योतीला किंवा ती नेणाऱ्याला दुसऱ्याचा हात लागता कामा नये. बरोबर फक्त घरातलाच एक जण तेलाची बाटली घेऊन पळायचा. बाकीची पोरं पायवाटेनं पुढं जाऊन वर वाजंत्रीसकट उभी राहायची.

हात लागला, तर त्या माणसाचा मान जायचा. आणि नुसता मान जाऊन भागत नसे. देवीनं त्याला टाकलं, असं गाव धरून चालायचं. माझ्या थोरल्या भावाचं तसं झालं होतं. धोंडीदादा पाचव्या वळणावर बसला, तेव्हापासून आडमाळात त्याचं नाव बसका धोंडी. मान माझ्याकडं आला. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि त्या दिवशीचं ते माझं पंधरावं साल. मला दोन मुली. मी बसलो असतो तर मान उतेकरांच्या उंबऱ्याबाहेर गेला असता आणि गावाला दुसरा बसका मिळाला असता. आमच्या गावाला टोपणनाव ठेवायला फार वेळ लागत नाही.

दुखणं काही त्या दिवशीचं नव्हतं. मी एस.टी.चा ड्रायव्हर. दिवसाचे दहा तास बसून काढायचे आणि श्रावण लागला की पहाटे उठून घाटात पळायचा सराव करायचा. सपाटीला काही नाही, उतरणीला काही नाही, पण चढ लागला की दोनशे पावलांत कंबर धरायची. माझा कंडक्टर म्हणाला, पट्टा बांधा. डेपोतला मेकॅनिक म्हणाला, लसणीचं तेल चोळा. इंदू, माझी बायको, रोज वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची. तालुक्याच्या डॉक्टरनं पालथं झोपवून इथंतिथं दाबलं आणि विचारलं, "धंदा काय?"

"गाडी चालवतो."

"मग पळता कशाला?"

सहा आठवडे पळू नका म्हणाला. घटस्थापनेला चार आठवडे होते.

त्या सकाळी इंदूनं जुन्या लुगड्याची पट्टी करून माझी कंबर आवळली होती. आमच्याकडं जोराचं काम म्हटलं की कंबर कसायची, एवढंच ठाऊक. मीच तिला म्हणत होतो, अजून ओढ, अजून. तिनं गुडघा टेकवून गाठ मारली. तेलाची बाटलीही त्याच पट्टीत खोचलेली, कारण बरोबर पळायला घरात दुसरा माणूस नव्हता.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्यापर्यंत कळ कमरेतून उजव्या कुल्ल्यात उतरली. ती चुकवावी म्हणून मी पुढं वाकलो, तर श्वास पोटात जाईना, पट्टीशी येऊन अडायला लागला. मशाल तोंडावर धूर मारत होती म्हणून हात लांब धरला, तर तिचं सगळं वजन पाठीवर येऊ लागलं. तेल गळून मनगटावर पडत होतं. तिसऱ्या वळणाला मी पळत होतो असं म्हणायचं, पण कुणी बघितलं असतं तर त्याला हसू आलं असतं. चालणारा माणूस माझ्यापुढं गेला असता.

आणि झालंही तसंच. चौथ्या वळणाच्या अलीकडं मागून सायकलच्या साखळीची कटकट ऐकू आली आणि दुधाच्या रिकाम्या किटल्यांचा आवाज. वळून बघायची गरज नव्हती. या घाटातून रोज सायकल ढकलत चढणारा माणूस एकच.

दादा पहाटे दूध घेऊन खालच्या डेअरीवर जायचा आणि नवाच्या आत परत वर यायचा. ज्योतीच्या दिवशी तर तो आठलाच गोठ्यावर पोचलेला असे. पंधरा वर्षांत ज्योत आणि तो एका वेळी घाटात कधी नव्हते. त्या दिवशी ओढ्याच्या पाण्यानं डेअरीची गाडीही अडकली होती, म्हणून गाठ पडली. आमचं बोलणं बंद होतं असं नाही. दूध, वैरण, पाऊस, आईचं वर्षश्राद्ध एवढ्यापुरतं आम्ही बोलायचो. तो गाव सोडून माळावरच्या गोठ्यात राहायला गेला होता, आणि मला वाटायचं, त्याला तेच बरं वाटत असेल.

मी थांबलो होतो. कठड्याला टेकावं असं फार मनात येत होतं.

"थांबू नगंस," दादा म्हणाला. "थांबलास की कंबर गारठती आन मग हालत न्हाई. चालत ऱ्हा."

मी चालू लागलो. तो सायकल घेऊन माझ्या बरोबरीनं, हातभर अंतर ठेवून चालत होता.

"ती पट्टी सोड."

"आँ?"

"कमरंची पट्टी सोड म्हन्तो. पोटात वारा जाईना तुझ्या. पाय कशाच्या जोरावर उचलशील?"

"इंदीनं बांधलीया."

"इंदी चढतीया का घाट? सोड."

डाव्या हातानं चाचपून गाठ सोडायला मला अर्धं वळण लागलं. पट्टी सुटली तशी बाटली निसटली, ती दादानं वरच्यावर झेलली आणि पट्टीसकट सायकलच्या कॅरिअरला अडकवली. पहिल्यांदा खोल श्वास आला. कळ गेली नाही, पण जरा सैल झाली.

"आता ऐक. तू चढ पाठीनं चढतुयास. चढ पायांनी चढायचा. वाकायचं तर घोट्यातनं वाक. ह्यो वासा भिताडाला तिरका लावतो न्हाई आपन? तसा सगळाच्या सगळा तिरका हो. मधी मोडू नगंस."

"आन मशाल?"

"छातीजवळ घे. धूर खा थोडा, मरत न्हाईस. पावलं टाक बारकी. कोंबडीगत बारकी, पन भराभर. आन पायाकडं बघू नगंस. बघितलंस की वाकतुस."

मला राग आला होता. बसक्या धोंडीकडून पळायला शिकायचं, हे मनातल्या मनात म्हणालो, मोठ्यानं नव्हे. पण दुखत होतं, म्हणून सांगितलं तसं केलं. कोंबडीसारखी पावलं टाकताना लाज वाटत होती.

"कुल्ल्यात जोर आन," दादा म्हणाला. "गाडीवर बसून बसून झोपलंत ते. त्यांचं काम पाठ करती, म्हनून रडती."

पन्नास पावलं गेली, शंभर गेली. कळ होती, पण वाढत नव्हती. चौथं वळण मी पुन्हा पळत घेतलं. सायकल ढकलत तोही माझ्याबरोबर धावत होता, किटल्या बडबडत होत्या आणि त्रेचाळीस वर्षांच्या माझ्या भावाला धाप लागलेली नव्हती. मध्येच त्यानं बाटली उघडून, हात न लावता, वरून मशालीत तेल सोडलं.

पुढं सात वर्षं मी तो चढ चढलो तो त्या दिवशी शिकलेल्या एवढ्याच गोष्टींवर. आता मी साठीला आलोय आणि दादाला जाऊन सहा वर्षं झाली. डेपोतल्या नव्या ड्रायव्हर पोरांची कंबर धरली की मी त्यांना हेच सांगतो. कुणी शिकवलं ते सांगत नाही.

"तुला कसं ठावं हे सगळं, दादा?"

"कळतंय चढून चढून," तो म्हणाला. मग सायकल जरा सावरून, "दूध घालायला लागलो तवा रोज पाठ धरायची. सायकल टाकून रस्त्यावर उताना पडायचो. मग बघाय लागलो, कसं चढलं म्हंजी धरत न्हाई. दोन वर्सं गेली त्यात."

"म्हंजी तुलाबी हीच पाठ..."

"त्या साली वीटभट्टीवर हुतो न्हवं? दिसभर वाकून." पाचवं वळण आलं होतं. त्यानं कठड्याकडं हनुवटी केली, एवढंच. "हितं धरली. तू हुतास की."

मी होतो. इथं मला जे सांगायचं आहे ते सांगतोच, कारण त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

त्या साली तेलाची बाटली माझ्याकडं होती. दादा याच कठड्याशी थांबला आणि हळूहळू खाली बसला. चेहरा पांढराफटक. मशाल भुईला टेकू नये म्हणून त्यानं ती वर धरली होती. म्हणाला, "येसू, पाठ धरली रं. दोन मिंटं धर ही. कळ गेली की येतो. वरच्या वळनाला परत माझ्या हातात दे, कुनाला कळायचं न्हाई."

मी मशाल घेतली. त्याची दोन मिनिटं मी मोजली नाहीत. हातात ज्योत आली आणि माझे पाय आपोआप पळायला लागले. मागून त्यानं दोनदा हाक मारली, ती मला ऐकू आली. वरच्या वळणाला मी थांबलो नाही. देवळात पोचलो तेव्हा शंकर गुरवानं रीतीप्रमाणं सगळ्या गावासमोर विचारलं, "वाटेत दुसरा हात लागला का?" आणि मी छाती काढून म्हणालो, "लागला. दादाचा दम संपला, तो बसला. मी आणली." पाठीचं नाव मी काढलं नाही. दम संपला म्हणालो. देवीपुढं खोटं कसं बोलू, असं पुढं मी खूप लोकांना सांगत फिरलो आणि लोकांनी माझी पाठ थोपटली. खरं बोलण्यात मला त्या दिवशी तोटा काहीच नव्हता, हे कुणी म्हणालं नाही, मीही नाही.

दादाचं लग्न नदीपलीकडच्या गावात ठरत आलं होतं. दिवाळीनंतर सुपारी फोडायची होती. त्यांचा निरोप आला, देवीनं टाकलेल्या माणसाला आमची मुलगी नाही. त्यानंतर कुणी मुलगी दाखवलीच नाही. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, थाटात, ज्योतीचा मानकरी म्हणून.

"दादा, त्या साली मी..."

"बोलू नगंस. वारा वाया जातो."

सहावं वळण सगळ्यांत उभं. तिथं शिकवलेलं काही कामाला आलं नाही. पहिल्या तीन वळणांत मी पाठीचं जे करून ठेवलं होतं ते आता भोवत होतं. उजवा पाय पुढं टाकला आणि कमरेतून असा झटका बसला की डोळ्यांपुढं अंधारी आली. एक गुडघा भुईला टेकला. मशाल हातातून जाता जाता राहिली.

"दादा, घे. घे ही."

तो जागचा हलला नाही.

"घे की! विझंल. पडंल माझ्या हातनं. सव्वाधा झालं असतील, कधी चढायचं?"

"मी न्हाई घेनार."

"अरं, तुझाच मान हाय. माझ्याकडनं गेला तर..."

"तुझ्याकडनं गेला तर घरातनं गेला. कळतं का?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "ज्योतीला हात लावनार न्हाई मी. ऊठ."

त्यानं सायकल कठड्याला टेकवली. मागं आला. आणि त्याचा तळहात माझ्या कमरेवर, नेमका दुखत होतं तिथंच, पडला. दुधाच्या किटल्यांनी घट्टे पडलेला, गरम हात. त्यानं ढकललं नाही, नुसता आधार दिला, जसा चढावर बैलगाडीला मागून देतात. मी उठलो.

"बारकी पावलं. तिरका हो. मी हाय मागं."

किती वेळ तसे चढलो ते सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. धुरामुळं म्हणायला जागा होती, पण धुरामुळं नव्हतं. पंधरा वर्षांत मी एकदाही त्याला विचारलं नव्हतं की दादा, त्या दिवशी कळ कधी गेली तुझी? घरी कसा आलास? तो एकटा चालत वर आला असणार, आणि तोवर गावात सगळ्यांना कळलेलं असणार. त्याच्या हाताचा आधार कमी होईना आणि मला वाटत होतं, त्यानं जरा तरी रागानं ढकलावं.

सातव्या वळणाच्या आधी ढोल ऐकू आला. हात निघाला.

"आता तूच. हितनं फुडं दिसतं समद्यांना," तो म्हणाला, आणि तिथंच झाडाच्या आड मागं राहिला. "चालू नगंस. पळत जा."

शेवटची तीनशे पावलं मी पळत गेलो. कशी गेलो ते देवीलाच ठाऊक. कमानीशी वाजंत्री उभी होती, बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या, इंदूचा चेहरा दिसला, तिची नजर माझ्या कमरेवर पट्टी शोधत होती. घड्याळात साडेदहाला चार मिनिटं होती. माझ्या अंगावर फुलं पडली. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी शंकर गुरव दोन्ही हात पुढं करून उभा. म्हातारा झाला होता, पण आवाज तोच. ढोल थांबला.

"वाटेत दुसरा हात लागला का?"

पाठीवर तो हात अजून तसाच जाणवत होता. मला एवढंच म्हणायचं होतं, लागला, धोंडीदादाचा लागला, आणि त्या सालीही त्याचा दम संपला नव्हता, पाठ धरली होती, आणि मी त्याची ज्योत परत दिली नाही. सगळी वाक्यं मनात ओळीनं उभी होती. गुरव वाट बघत होता. इंदू बघत होती. माझ्या मुली इंदूच्या पदराला धरून उभ्या होत्या.

"न्हाई," मी म्हणालो.

ढोल पुन्हा सुरू झाला. गुरवानं ज्योत घेतली, नंदादीप लागला, आत घटाची मांडणी व्हायला अर्धा तास गेला. आरतीला उभं राहण्याआधी पाय धुवावे म्हणून मी देवळामागच्या टाक्यावर गेलो. दादा तिथंच होता. खाली जाऊन सायकल घेऊन मागच्या वाटेनं आला असावा. टाक्यातलं पाणी ओंजळीनं पीत होता. मला बघून त्यानं कॅरिअरवरची पट्टी सोडली, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. वर तेलाची बाटली ठेवली.

"काय बोललास?"

"न्हाई म्हनलो."

त्यानं मान हलवली. बाहीनं तोंड पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाट चढून आलेल्या माणसाचा नुसता शिणवटा होता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "त्या साली बी येवढंच बोलायचं हुतं, येसू."

आतून घंटा वाजली. कुणीतरी माझ्या नावानं हाक मारत होतं.

"जा," दादा म्हणाला. "आरती खोळंबलीया तुझ्यासाठी."

आणि मी गेलो.